बॉनेटखाली नवा पार्ट बसवताना

मोटारीच्या बॉनेटखालची जागा रिकामी दिसली तरी ती फुकट सोडलेली नसते. रेडिएटरमागून येणारी हवा इंजिनाभोवती फिरून खालून बाहेर पडावी म्हणून वाट ठेवलेली असते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या आसपासचे अंतर जवळच्या रबरी होजना वाचवते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते आणि ते हलते, म्हणून त्याच्या आणि चॅसिसच्या मध्ये सांद ठेवलेली असते. वायरी कुठून न्यायच्या, किती जाडीच्या घ्यायच्या, हेही त्या त्या दिव्याच्या किंवा मोटरच्या गरजेप्रमाणे ठरलेले असते. मोठा हॉर्न, जास्त वॅटचे दिवे, अलार्म, सीएनजी किट, वेगळा एअर फिल्टर अशी बाहेरची वस्तू इथे आली की हा सगळा हिशेब बदलतो. पुढे काही जळते, घासते किंवा फुटते तेव्हा दोष बहुधा त्या वस्तूला दिला जातो. खरे कारण बरेचदा ती बसवण्याच्या पद्धतीत असते.

हा विषय समजून घ्यायला जबलपूरची जोंगा हे उत्तम उदाहरण आहे. जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीची स्थापना 1969 मध्ये झाली. शक्तिमान ट्रकबरोबर तिथे सैन्यासाठी निसान पॅट्रोल या गाडीच्या धर्तीवरची जीप बनू लागली आणि जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या नावाच्या आद्याक्षरांवरून ती जोंगा म्हणून ओळखली गेली. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले. सैन्याने निवृत्त केलेल्या जोंगा लिलावातून नागरिकांच्या हाती आल्या, आणि आजही जुन्या गाड्यांचे शौकीन त्या जिवापाड जपतात. तिचे मूळ इंजिन जवळजवळ चार लिटरचे, सहा सिलिंडरचे आणि पेट्रोलवर चालणारे. पेट्रोलचा खर्च झेपत नाही म्हणून अनेक मालकांनी त्याजागी दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन बसवले.

जोंगाचे बॉनेट उघडले की एवढी ऐसपैस जागा दिसते की कुठलेही इंजिन सहज मावेल असे वाटते. इंजिन मावतेही, पण अडचणी त्यानंतर सुरू होतात. डिझेल इंजिनाचे वजन आणि थरथर वेगळी असते, त्यामुळे जुन्या माउंटिंगवर ते बसवले तर रबर लवकर फाटते. इंजिन पुढे-मागे सरकले की पंखा रेडिएटरपासून दूर जातो किंवा त्याला जवळजवळ टेकतो. दूर गेला तर हवा ओढली जात नाही आणि टेकला तर एखाद्या जोराच्या धक्क्यात रेडिएटरची जाळी कापली जाते. पेट्रोल इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये निर्वात ओढ आपोआप तयार होते आणि ब्रेकचा बूस्टर तिच्यावर चालतो. डिझेल इंजिनात ती ओढ नसते, म्हणून बूस्टर असलेल्या गाडीला वेगळा व्हॅक्यूम पंप लावावा लागतो. तो राहिला तर ब्रेक दगडासारखा कडक होतो. इंजिन बदलण्याच्या कामातली ही चूक सर्वांत धोक्याची म्हणावी लागेल.

आणखी एक गोष्ट अशा कामात हमखास विसरली जाते: इंजिन आणि चॅसिस यांना जोडणारी अर्थिंगची जाड पट्टी. इंजिन रबरावर बसलेले असल्यामुळे धातूचा धातूशी थेट संबंध येईलच असे नाही. स्टार्टर मोटर सुरू होताना शंभर अँपिअरहून अधिक वीज ओढते, आणि ती बॅटरीकडे परत जायला ही पट्टी लागते. पट्टी नसली की वीज मिळेल त्या वाटेने जाते. ती वाट कधी अ‍ॅक्सिलरेटरची केबल असते, कधी एखादी बारीक वायर. केबल तापून आतले आवरण वितळते आणि गिअर किंवा अ‍ॅक्सिलरेटर जड झाल्याची तक्रार घेऊन मालक गॅरेजमध्ये येतो. खरा दोष पट्टीत आहे हे शोधायला मग फार वेळ लागतो.

इंजिन बदलणे हा कायद्याच्या दृष्टीनेही मोठा बदल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनमानी फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये याच अर्थाचा निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमाबाहेरच्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे इंजिन किंवा इंधन बदलायचे असेल तर आरटीओची परवानगी आधी घ्यायची आणि काम झाल्यावर नोंदणी पुस्तकात त्याची नोंद करून घ्यायची. अपघात झाला किंवा गाडीने पेट घेतला तर विमा कंपनीही हीच नोंद पाहते.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात बॅटरीपासून होते. आधी निगेटिव्ह टर्मिनल काढायचे, मग पॉझिटिव्ह. जोडताना क्रम उलटा. गाडीचा सगळा सांगाडा निगेटिव्हला जोडलेला असतो. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते आणि पाना तापून लाल होऊ शकतो. निगेटिव्ह आधीच सुटलेले असेल तर तो टेकला तरी काही होत नाही. बॅटरी सोडवण्याचे आणखी एक कारण रेडिएटरच्या विजेवरच्या पंख्यात आहे. बऱ्याच गाड्यांत चावी काढल्यावरही हा पंखा अचानक सुरू होतो आणि हात आत असताना तो बोटे सोडत नाही. इंजिन चालू असताना मात्र बॅटरीची वायर कधीही काढू नये. त्या क्षणी अल्टरनेटरकडून व्होल्टेजची जी उसळी येते ती कंट्रोल युनिटला घातक ठरू शकते. ब्रॅकेट वेल्डिंगने जोडायचे असेल तरी बॅटरी आणि कंट्रोल युनिट आधी सुटे करावे आणि वेल्डिंगची अर्थ क्लिप कामाच्या अगदी जवळ लावावी.

इंजिन थंड असावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडले की दाबाखालचे कूलंट चेहऱ्यावर उसळते. मडगार्डच्या पत्र्यावर जाड कापड टाकावे. ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे, कारण ते रंग सोलून काढते. एअर फिल्टरची नळी, स्पार्क प्लगचे छिद्र, कार्ब्युरेटरचे तोंड असे जे जे उघडे राहील ते स्वच्छ कापडाने बंद करावे. एक वॉशर सिलिंडरमध्ये पडला तर त्याची किंमत सबंध इंजिन उघडण्याइतकी होते. सुटे केलेले बोल्ट डब्यात मोजून ठेवण्याची जुन्या मेकॅनिकांची सवय याच भीतीतून आलेली आहे, आणि ती योग्यच आहे.

सर्वाधिक नुकसान होते ते वायरिंगमध्ये. साध्या हेडलाइटचे गणित पाहिले तर कारण कळते. एच-फोर जातीच्या मूळ बल्बची क्षमता 60/55 वॅट असते, म्हणजे 12 व्होल्टला सुमारे 5 अँपिअर वीज. त्याजागी 100/90 वॅटचा बल्ब बसवला की तीच वायर 8 अँपिअरहून अधिक वीज वाहते. वायरीतली उष्णता विजेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ती पावणेतीन पटींच्या आसपास जाते. बाजारात हे बल्ब सहज मिळतात आणि होल्डरमध्ये बसतातही. काही महिन्यांत होल्डरचे प्लास्टिक पिवळे पडते, मग ठिसूळ होऊन गळते, आणि स्विचमधले कॉन्टॅक्ट जळतात. इतक्या वॅटचे बल्ब रस्त्यासाठी मान्यही नाहीत, म्हणून ते टाळणेच उत्तम. हॉर्न, फॉग लॅम्प किंवा वाढीव पंखा असा जास्त वीज घेणारा पार्ट जोडायचा असेल तर रिले लावावा. रिलेमुळे स्विचमधून थोडीशीच वीज जाते आणि मुख्य वीज बॅटरीकडून जाड वायरने थेट त्या पार्टला मिळते.

या वायरीला फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीपासून शक्यतो वीतभर अंतरातच. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो. तो पार्टजवळ लावला तर बॅटरी ते फ्यूज हा पट्टा उघडा राहतो. त्या पट्ट्यातच वायर पत्र्याला घासली तर तिला थांबवणारे काही नसते, आणि बॉनेटखाली लागणाऱ्या आगी बरेचदा अशाच सुरू होतात. फ्यूज वायरीच्या जाडीला शोभेल एवढाच असावा. पुन्हा पुन्हा उडतो म्हणून मोठा घातला किंवा त्याजागी तार गुंडाळली, तर संरक्षण संपते.

वायरही गाडीचीच हवी. घराच्या वायरिंगसाठी मिळणाऱ्या साध्या पीव्हीसी वायरीचे आवरण 70 अंश सेल्सिअसपर्यंतच टिकते. गाडीच्या वायरी त्याहून जास्त तापमानाला तग धरतील अशा बनवलेल्या असतात. जोड देताना तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळू नये. लग क्रिम्पिंगच्या पक्कडीने दाबावा आणि त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. वायर पत्र्याच्या छिद्रातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवे, आणि पुढचा सगळा मार्ग खाचांच्या प्लास्टिक नळीतून न्यावा. केबिनकडे जाणाऱ्या वायरीला ग्रोमेटच्या आधी थोडी खाली झुकलेली कमान द्यावी. पावसाचे पाणी त्या कमानीवरून टपकते, वायरीसोबत आत शिरत नाही.

जबलपूरचा उन्हाळा इथे विशेष ध्यानात घ्यावा लागतो. मे महिन्यात हवेचे तापमान 40 अंशांच्या वर जाते आणि गाडी गर्दीत उभी राहिली की बॉनेटखाली वाराही लागत नाही. इंजिनाचे कूलंट नेहमीच 90 अंशांच्या आसपास असते. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तर जोरात चालवल्यावर कित्येकशे अंशांवर पोहोचतो. धावती गाडी थांबवल्यावर काही मिनिटे आतले तापमान उलट वाढते, कारण वारा थांबतो आणि तापलेले लोखंड उष्णता सोडतच राहते. नवी होज किंवा वायर एक्झॉस्टपासून दूर ठेवावीच. अंतर ठेवणे शक्य नसेल तर पत्र्याचे आवरण किंवा उष्णतारोधक स्लीव्ह घालावी. मधे येतो म्हणून कंपनीचा हीट शील्ड काढून टाकणे तर साफ चूक आहे.

हालचालीचा विचार सहसा होत नाही, कारण काम करताना इंजिन बंद असते. गिअर टाकताना आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबताना ते बाजूला झुकते. इंजिनावर एक टोक आणि बॉडीवर दुसरे टोक असलेल्या प्रत्येक नळीला व वायरीला म्हणून थोडी ढील हवी, आणि कुठल्याही घट्ट वस्तूपासून किमान इंचभर अंतर हवे. ब्रॅकेटचे बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवून बसवावे आणि मग पाना लावावा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा गेले की ते परत आणणे खर्चाचे काम असते. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर एवढाच ताण पुरतो. मनगटाच्या जोराने तो सहज ओलांडला जातो, म्हणून टॉर्क रेंच वापरावा.

हवेच्या वाटेबाबत मोह मोठा असतो. मूळ डबा काढून उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावला की आवाज भारदस्त येतो, पण तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो आणि इंजिनाची ताकद वाढण्याऐवजी कमी होऊ शकते. तेल लावलेल्या फिल्टरमधून जादा तेल उडाले तर हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या बारीक तारेवर ते बसते. हवेचे तोंड खाली आणले तर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाताना पाणी सिलिंडरमध्ये शिरते. पाणी दबत नाही, म्हणून पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी गाडी बंद पडली तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नये.

सीएनजी किट म्हणजे वरच्या सगळ्या गोष्टींची एकत्र परीक्षा. पुण्याच्या एआरएआय या संस्थेसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने मंजूर केलेले किट आणि अधिकृत फिटर यांशिवाय हे काम करूच नये. टाकीतला दाब 200 बारच्या आसपास असतो. हा दाब कमी करणाऱ्या रेड्यूसरला गरम ठेवण्यासाठी कूलंटची वाट त्यातून न्यावी लागते, म्हणून नंतर यंत्रणेतली हवा नीट काढावी लागते. हवेचा फुगा अडकला तर इंजिन तापते. नोझलसाठी मॅनिफोल्डला छिद्रे पाडायची तर तो इंजिनावरून उतरवूनच पाडावीत. जागेवर पाडली की धातूचा कीस सरळ व्हॉल्व्हकडे जातो. टाकीची हायड्रो चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते.

काम संपल्यावर बॉनेट लगेच बंद करू नये. इंजिन गरम होईपर्यंत सुरू ठेवून गळती, वास आणि घासल्याचा आवाज पाहावा. बॅटरीवर मल्टिमीटर लावला तर इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवे. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सर्व ब्रॅकेट आणि होजच्या क्लिपा पुन्हा तपासाव्यात, कारण उष्णतेने रबर बसते आणि पकड सैल होते. शेवटची चाचणी गाडी बंद करून, कुलूप लावून, अर्ध्या तासाने घ्यावी. बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीत मल्टिमीटर जोडून वीज मोजावी. साधारणपणे ती 50 मिलिअँपिअरच्या आत असते. त्याहून जास्त दिसली तर नव्या पार्टचा फ्यूज काढून पाहावा. आकडा लगेच खाली आला, तर त्या पार्टची वायर चावीने बंद होणाऱ्या फ्यूजला जोडलेली नसून थेट बॅटरीवर आहे, किंवा रिले चिकटलेला आहे.