निबंध ही शिक्षा नव्हती

सुलतानपूरसारखं गाव असो की पुणे, अल्पवयीन आरोपीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "माणसं मारा, निबंध लिहा, सुटा."

हा संताप खोटा नाही. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. चालक म्हणून 17 वर्षांच्या मुलावर आरोप झाला आणि बाल न्याय मंडळाने काही तासांत त्याला जामीन दिला. त्यातला 300 शब्दांचा निबंध लोकांच्या जिव्हारी लागला. पण निबंध ही जामिनाची अट होती, शिक्षा नव्हे. खटला उभाच राहायचा होता. दोन घरं उद्ध्वस्त झाली असताना अशी अट घालणं असंवेदनशील होतं, हेही तितकंच खरं. पुढे मुलाला निरीक्षणगृहात ठेवलं गेलं. मूळ जामीन कायम असताना हे बेकायदा आहे, असं सांगत मुंबई उच्च न्यायालयाने 25 जूनला त्याची सुटका केली.

दुसरा समज, अठराच्या आतला म्हणजे तीन वर्षांत मोकळा. 2015 च्या बाल न्याय कायद्यानंतर हे अर्धवट खरं आहे. वय 16 ते 18 आणि गुन्ह्याला किमान 7 वर्षांची शिक्षा असेल, तर मंडळ मुलाची समज आणि गुन्ह्याची परिस्थिती तपासतं. त्यानंतर बाल न्यायालयात सज्ञानासारखा खटला चालू शकतो. फाशी आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप मात्र देता येत नाही. इथे 'किमान' हा शब्द कळीचा आहे. अपघाताच्या वेळच्या कायद्यात सदोष मनुष्यवधाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती, पण किमान शिक्षा नव्हती. पुण्याच्या मुलाला सज्ञान धरण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै 2025 मध्ये फेटाळली.

कडक तुरुंगाने पोरं सुधारतात का? अमेरिकेतल्या अभ्यासांचा आढावा घेऊन तिथल्या तज्ज्ञगटाने 2007 मध्ये सांगितलं, की प्रौढांच्या न्यायव्यवस्थेत पाठवलेल्या मुलांकडून पुढे हिंसक गुन्हे कमी नव्हे, जास्त झाले.

आपल्याकडे सुलतानपूरच्या एखाद्या पोराने मोटारसायकल चोरली, तर त्याला लॉकअपमध्ये टाकता येत नाही. 24 तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्यांत एक तरी स्त्री. घरात कमावतं कोण, शाळा कधी सुटली, संगत कुणाची, हे सारं परिवीक्षा अधिकारी लिहून देतो. गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र त्याचा फोटो आणि नाव तोवर फिरून आलेलं असतं. ओळख उघड करणं हाही गुन्हाच: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.