मृगाची रात्रपाळी

दुपारी ४
पौषातली अमावास्या, आभाळ स्वच्छ. मुरगूडच्या मळ्यातल्या खळ्यावर रात्रीच्या फोटोंसाठी दुर्बिणीची तिवई मांडतो. स्लॅबवर कुणी नुसतं चाललं तरी दुर्बीण थरथरते. पक्की जमीन बरी. वेदगंगेकाठी रात्री दव दाट पडतं, म्हणून भिंगांभोवती हीटरच्या पट्ट्या उजेडातच गुंडाळतो. बॅलन्स करताना पूर्वेची बाजू किंचित जड ठेवतो, म्हणजे गिअरचे दाते एकाच अंगाला टेकून राहतात.

संध्याकाळी ७
माउंटचा, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीचा, अक्ष ध्रुवबिंदूवर रोखायचा. मुरगूडचा अक्षांश सुमारे १६.४ अंश, त्यामुळे ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर. नेमका उत्तरेलाच कोल्हापूरचा उजेड, त्यात गळीत हंगामात पेटवलेल्या पाचटाचा धूर. शिवाय खुद्द तारा ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्तच सरकलेला. ही जुळणी घाईने उरकली, तर पुढे रात्रभर गाइडिंगला (तारा जागेवर धरून ठेवण्याला) त्याचं व्याज फेडावं लागतं.

७:४५
कॅलिब्रेशन. मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर छोटा गाइड स्कोप, त्याला स्वतंत्र कॅमेरा. खगोलीय विषुववृत्ताजवळचा एक तारा धरला, की पीएचडी-२ हे सॉफ्टवेअर माउंटला चारही दिशांना हलकेच ढकलून बघतं आणि कितीशा इशाऱ्याला तारा किती सरकतो, हे शिकून घेतं.

८:१५
मृगातला तेजोमेघ पूर्वेला चांगला वर आलाय. पाच-पाच मिनिटांची एक्स्पोजर सुरू. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तिथला तारा सेकंदाला जवळजवळ १५ विकला सरकतो. माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल दोन विकलांचा. मोटर ही चाल भरून काढते, पण तिचं वर्म गिअर आठ मिनिटांच्या फेऱ्यात कधी पुढे धावतं, कधी मागे रेंगाळतं. गाइड कॅमेरा दर तीन सेकंदांनी तारा बघतो आणि चूक वाढायच्या आत माउंटला टोकतो. त्याहून घाई केली, तर हवेच्या थरथरीलाच तो गिअरची चूक समजतो आणि नसलेलं दुखणं दुरुस्त करू लागतो.

१०:२०
मृग डोक्यावर येऊन याम्योत्तर रेषा ओलांडतोय. दुर्बीण तिवईला आपटायच्या आत माउंट उलटा फिरवायचा. केबल अडकत नाही ना, हे हाताने चाचपून बघतो, तारा पुन्हा धरतो, गाइडिंगचा ग्राफ शांत होईस्तोवर थांबतो.

११:३०
शेतीपंपाची लाइट आज रात्रीची. शेजारचे मामा उसाला पाणी पाजायला आले.
"मामा, बॅटरी खाली धरा."
"धरली बाबा. त्यो तारा अजून हाय न्हवं जाग्यावर?"
"हाय की. धरूनच ठेवलाय."
"आमचं पाणी न्हाई बघ असं धरून ऱ्हात," म्हणत मामा बांधावरून पुढे गेले.

मध्यरात्र
आता करण्यासारखं काहीच नाही, आणि हात न लावणं हेच काम. पूर्वी आपोआप गाइड करणारी ही सोय नव्हती. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत कावसजी दादाभाई नेगमवालांकडे ग्रबची २० इंची दुर्बीण होती, तेव्हाची देशातली सगळ्यात मोठी. १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. त्या काळात जगभर कुठेही लांब एक्स्पोजर घ्यायचं, तर माणूसच गाइडर: डोळा नेत्रभिंगाला, तारा कोळिष्टकाच्या उभ्या-आडव्या तंतूंच्या छेदावर आणि बोटं सूक्ष्म हालचालीच्या चावीवर. थंडीत, तासन्‌तास.

रात्री २
मृग पश्चिमेला कलला, आता सिंह राशीतल्या दीर्घिका. दोन फोटोंच्या मध्ये सॉफ्टवेअर दुर्बीण मुद्दाम चार-पाच पिक्सेल हलवतं. सेन्सरचे डाग मग एकाच जागी साचत नाहीत.

पहाटे
पूर्व फटफटली. झाकण लावून त्याच तापमानाला डार्क फ्रेम घेतो, तोवर चहा.

सकाळी १०
छाननी. काही फ्रेममध्ये तारे लांबट आलेत, पण त्या वेळचा ग्राफ बघावा तर गुळगुळीत. याचा अर्थ सरळ आहे: ग्राफ गाइड स्कोपचा, फोटो मुख्य दुर्बिणीचा. दोन्ही नळ्यांमध्ये केसभर ढिलाई असली, तर गाइडर आपला तारा इमानाने धरून ठेवतो आणि मोठी दुर्बीण दुसरीकडेच बघत राहते. सॉफ्टवेअरला ही चूक कधीच दिसणार नाही. ती पान्यानेच जाते. म्हणून आज दुपारी बॅलन्सच्याही आधी गाइड स्कोपच्या कड्या आवळायच्या.