नॉर्मंडीतील सफरचंदाची पेये : किण्वनाच्या मर्यादेचा विचार

फ्रान्सच्या वायव्येस असलेल्या नॉर्मंडीच्या थंड, दमट हवेत द्राक्षे नीट पिकत नाहीत. त्यांचे स्थान तेथे सफरचंदाने घेतले आहे. कोतांतँ भागातील जमीनदार जिल द गुबेरव्हील याने सोळाव्या शतकाच्या मध्यास आपल्या रोजनिशीत सायडरच्या ऊर्ध्वपातनाचा उल्लेख केलेला आढळतो. या प्रदेशातील प्रमुख सफरचंद-पेये तीन होत : सायडर, काल्व्हादोस व पोमो. तिन्हींचा मूळ रस एकच. किण्वन कोठवर जाऊ द्यावयाचे, या निर्णयावर त्यांतील मुख्य भेद अवलंबून असतो.

या कामी खावयाची सफरचंदे फारशी उपयोगी पडत नाहीत. गोड, कडवट-गोड, कडू व आंबट अशा जातींची लहान फळे एकत्र करतात. साखरेपासून मद्यार्क होतो, टॅनिनमुळे पेयास तुरटपणा व भरीवपणा येतो आणि आम्लामुळे अपायकारक सूक्ष्मजंतूंस आळा बसतो.

सायडरमध्ये किण्वन मध्येच रोखावयाचे असते. फळांचा लगदा रस काढण्यापूर्वी काही तास तसाच ठेवतात. फळातील विकर पेक्टिनवर क्रिया करते व कॅल्शियमच्या संयोगाने त्याचा लिबलिबीत थर बनून रसावर तपकिरी टोपीसारखा तरंगतो. खालचा नितळ रस अलगद काढून घेतात. त्या थराबरोबर नायट्रोजनयुक्त पोषकद्रव्येही निघून जात असल्यामुळे यीस्टची उपासमार होते, किण्वन मंदावते आणि वरून साखर न घालताही पेयात गोडी उरते. मात्र यास थंडी हवी. हवा उबदार असल्यास थर जमण्यापूर्वीच किण्वन जोर धरते व ती संधी हातची जाते.

काल्व्हादोससाठी याउलट किण्वन पूर्ण होऊ देतात. पेई द'ओज विभागात भांडे-भट्टीत दोनदा ऊर्ध्वपातन करण्याचा दंडक आहे. पहिल्या खेपेस सुमारे 30 टक्के व दुसऱ्या खेपेस सुमारे 70 टक्के मद्यार्काचा द्रव मिळतो. त्याचा आरंभीचा व अखेरचा भाग वगळून मधला तेवढाच ओकच्या पिंपांत किमान 2 वर्षे मुरवितात. दोंफ्रोंते विभागात निदान 30 टक्के नासपती, स्तंभ-भट्टीतील एकच ऊर्ध्वपातन व 3 वर्षांची मुरवण आवश्यक असते.

पोमोमध्ये किण्वन होऊच द्यावयाचे नसते. ताज्या रसात काल्व्हादोस मिसळून मद्यार्काचे प्रमाण 16 ते 18 टक्क्यांवर नेले की यीस्टचे कार्य थांबते. ओकमध्ये मुरविलेले हे पेय भोजनापूर्वी घेण्याची रीत आहे.

पेई द'ओजच्या ब्रँडीस 1942 साली आणि पोमोस 1991 साली विशिष्ट-उगमनामाचे संरक्षण मिळाले. दरम्यान 1960 च्या अध्यादेशाने घरगुती ऊर्ध्वपातनावरील करमाफीचा वारसाहक्क संपुष्टात आणला. ती सवलत धारकाच्या व त्याच्या पश्चात जोडीदाराच्या हयातीपुरतीच राहिली. नियमांनी मुरवणीचा काळ व मिश्रणाचे प्रमाण निश्चित होते. परंतु थराखालील रस केव्हा काढावा आणि भट्टीतून येणारी धार केव्हा तोडावी, याचा निर्णय आजही कारागिराच्या डोळ्यांवर, नाकावर व जिभेवर सोपविलेला आहे. पूर्वी हे ज्ञान शेतकरी कुटुंबात घरीच, हाताखाली काम करता करता मिळत असे. कायद्याने उत्पादनाचे नाव सुरक्षित झाले, पण त्या शिक्षणाचा एक जुना मार्ग अरुंद झाला, ही गोष्ट या उद्योगाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.