आधी मोजणी, मग फवारणी

खुरपणी चालू असेल तर चालू द्या, रेडिओ बांधावर ठेवा.

गेल्या खरिपात आमच्या गटातल्या बहुतेकींच्या घरी एकच चूक झाली. सोयाबीनवर चार पतंग उडताना दिसले की घरची माणसं दुकानातून दोन-दोन औषधं आणून एकत्र मारायची. पैसा गेला आणि चक्रीभुंग्यानं झाडं मोडायची ती मोडलीच. म्हणून यंदा आम्ही आधी मोजतो. तसंही कीड पहिल्यांदा दिसते ती खुरपणाऱ्या बाईलाच.

आठवड्यातून दोनदा, सकाळी फिरायचं. बांधालगतची झाडं सोडून शेतात पाच जागा धरायच्या. मक्यात दर जागी २० झाडं, म्हणजे १०० होतात, हिशेब सोपा. पोंग्यात डोकवा. पानाला ओळीनं भोकं आणि आत भुशासारखी विष्ठा दिसली तर लष्करी अळी आहे. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. ही कीड भारतात पहिल्यांदा दिसली २०१८ साली. पोंगा भरल्यावर शंभरात दहा झाडं धरली असतील तर औषधाचं बघा. त्याहून कमी असतील तर अंड्यांचे पुंजके आणि अळ्या हातानं वेचा.

सोयाबीनमध्ये दोन ओळींच्या मधे जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरा, मीटरभर ओळीतली झाडं त्यावर झटका. पाचही जागांची सरासरी चार उंटअळ्यांवर गेली तर फवारणीची वेळ. कोळी आणि ढालकिडे पडले तर ते आपले गडी, त्यांना मोजू नका.

चक्रीभुंगा मात्र लुगड्यावर पडत नाही. सुकलेला शेंडा दिसला तर 'उन्हानं झालं' म्हणून पुढं जाऊ नका. देठावर किंवा फांदीवर दोन गोल खाचा शोधा. मादी त्यांच्या मधे अंडं घालते आणि अळी आतून खाली पोखरत जाते. खालच्या खाचेच्याही खालून मोडा आणि तो तुकडा पुरून टाका. जाळीसारखं झालेलं पान उलटून बघा, खाली बारीक अळ्यांचा घोळका असतो. ते पान साबणाच्या पाण्यात बुडवलं की काम झालं.

लहान अळ्यांना निंबोळी अर्क चालतो: ५ किलो कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून, १०० लिटर पाणी करायचं. मोठ्या अळीवर त्याचा फारसा उपयोग नाही.

मोजणी वहीत तारखेनिशी लिहा आणि वही घेऊनच दुकानात जा. लेबलवर आपलं पीक आणि आपली कीड नसेल तर डबा परत ठेवायचा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी औषध कालवायला जाऊ नये. निंबोळी वाळवून कशी ठेवायची ते पुढच्या वेळी बोलू.