तापलेला पंप आणि गारठलेली रिंग

सायकलच्या चाकात हवा भरून झाल्यावर पंपाच्या खालच्या टोकाला कधी हात लावून पाहिलाय? चांगलाच गरम लागतो. दांडा घासला म्हणून, असं आपल्याला वाटतं. ते थोडंफार खरंही आहे, पण मुख्य कारण वेगळंच. हवा झटकन दाबली की ती तापतेच!

कारखान्यातला कॉम्प्रेसर म्हणजे असाच एक दांडगा पंप. ३० अंश सेल्सिअसच्या हवेचा दाब एका दमात आठपट केला आणि उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर गणिताने ती हवा २७० अंशांच्या वर जाते. म्हणून तर सिलिंडरभोवती वारा किंवा पाणी खेळवतात, आणि पुष्कळदा हवा दोन टप्प्यांत दाबून मध्ये गार करून घेतात. तरी आतले भाग तापायचे ते तापतातच.

या धगीत हवा निसटू नये म्हणून फटींत सील बसवतात. कुकरच्या रिंगची भावंडंच म्हणा ना! रिंग जुनी होऊन कडक झाली की शिट्टी होतच नाही, कडेनेच वाफ फुसफुसते. आईला विचारा. नायट्राइल रबराचं सील साधारण १०० अंशांपर्यंत नेटाने काम करतं. सतत त्याहून जास्त तापलं की तेही असंच कडक होतं, चिरतं. व्हायटॉन नावाचं रबर २०० अंशांपर्यंत टिकतं, तर टेफ्लॉन २६० पर्यंत. मग सगळीकडे टेफ्लॉनच का नाही वापरत? कारण ते रबरासारखं दाबून पुन्हा उसळत नाही. शिवाय तापल्यावर पोलादाच्या कितीतरी पट प्रसरण पावतं. टेफ्लॉनच्या पिस्टन-रिंगमध्ये त्यासाठी मुद्दाम फट सोडावी लागते, नाहीतर ती आत अडकूनच बसायची.

मग व्हायटॉन बरं? थांबा. यंत्र किती तापेल एवढंच विचारून भागत नाही. बंद असताना ते किती गारठेल, हेही विचारावं लागतं. अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ अंतराळयानाच्या रॉकेटच्या जोडांत व्हायटॉनच्याच रिंगा होत्या. २८ जानेवारी १९८६ च्या सकाळी, उड्डाणाच्या वेळी हवा जेमतेम २ अंशांवर होती. आदल्या रात्री काही अभियंत्यांनी धोक्याची सूचना दिली होती, पण कुणी ती मानली नाही. गारठलेल्या रिंगेने फट वेळेवर बुजवली नाही, तप्त वायू बाहेर आले आणि अवघ्या ७३ सेकंदांत यान नष्ट झालं. सातही अंतराळवीर गेले.

पुढे चौकशी समितीतले शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी सर्वांसमोर त्या रबराचा एक तुकडा छोट्या क्लॅम्पमध्ये आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून क्लॅम्प सैल केला. तुकडा काही सेकंद चपटाच राहिला.