ग्रंथवाचनासाठीं कोणतें यंत्र घ्यावें?

आमच्या बीड जिल्ह्यांत, अंबाजोगाईस, दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी आहे. लांबलचक कापडावर त्यांनीं 'पंचीकरण' लिहिलें. ग्रंथास आधार कोणता असावा, हा प्रश्न असा जुनाच आहे. हल्लीं तो टॅबलेट कीं ई-इंक, या रूपानें घरोघर उभा राहतो.

टॅबलेटची कांच आंतून प्रकाशते. ई-इंकच्या पडद्यांत काळे-पांढरे सूक्ष्म कण विजेच्या योगानें सरकतात आणि अक्षर बाहेरच्या उजेडांत कागदावरल्यासारखें दिसतें. ओसरीवर, उन्हांतही तें स्वच्छ वाचतां येतें. वीज मुख्यतः पान बदलतांनाच लागते. जेथें ती वारंवार जाते तेथें हा गुण लहान नव्हे.

परंतु जुने मराठी ग्रंथ बहुधा पानांच्या छायाचित्रांच्या रूपानें मिळतात. सहा इंची पडद्यावर असें पान आकसतें, आणि मोठें करूं जावें तर ओळ पडद्याबाहेर जाते. अशानें वृद्धांचें वाचन कायमचें सुटतें. त्यांस दहा इंची टॅबलेटच बरा. किंडलवर २०१६ पासून मराठी पुस्तकें मिळूं लागलीं; त्यांतील अक्षर हवें तेवढें वाढवितां येतें. तीं वाचणारांनीं ई-इंक घ्यावें.

एकत्र कुटुंबांत टॅबलेट मुलांच्या हातीं गेला कीं आजोबांचें पुस्तक मिटलेंच, हेंही ध्यानांत असावें. म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, आधीं घरांतील वाचकांनीं वाचावयाच्या ग्रंथांची यादी करावी; यंत्र त्या यादीवरून निवडावें, दुकानदाराच्या शिफारशीवरून नव्हे.