सोलता येणारा मुलामा

मराठीत 'मुलामा' या शब्दाचे नाव फारसे चांगले नाही. एखाद्याचे बोलणे गोड आणि मन कडू असले, की आपण चटकन म्हणतो, 'सगळा वरवरचा मुलामा!' वर्गात हा शब्द निघाला, तर मुलेही त्याचा अर्थ 'फसवणूक' असाच सांगतात. अरबीतून आपल्याकडे आलेला हा पाहुणा येथे येऊन असा बदनाम झाला. परंतु मुलामा चढवणे हाच ज्यांच्या पोटापाण्याचा उद्योग, त्यांच्या घरी या शब्दाची किंमत निराळी असते. ती किंमत मला कळली ती एका छोट्या ट्रकमुळे. भाषा शिकवणाऱ्या माणसाने ट्रकच्या बंपरवर लेख लिहावा याचे वाचकांना नवल वाटेल. पण शब्दांची खरी परीक्षा कोशात होत नाही, गॅरेजात आणि स्वयंपाकघरातच होते.

मोटारीच्या तोंडावरची जाळी, पुढचा बंपर, आरशांच्या टोप्या, दारांच्या मुठी, कडेच्या पट्ट्या यांवर आरशासारखी जी चकाकी असते, ती क्रोमची. आपल्या वडिलांच्या पिढीला या चकाकीचे कोण कौतुक! अँबॅसेडर किंवा फियाट दारात उभी असली, की रविवारी सकाळी फडके घेऊन आधी तिचा बंपर लखलखीत करायचा, मग चहा. आजच्या तरुणांना मात्र ही चकाकी नकोशी झाली आहे. त्यांना गाडी हवी काळी. तीही चमकणारी नव्हे, पाटीच्या दगडासारखी मंद काळी. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात हिंडले, तर एकीकडे अजून चकचकीत जाळ्या टांगलेल्या दिसतात आणि दुसरीकडे त्याच जाळ्या काळ्या रूपात.

ज्याच्या गाडीवर आधीच क्रोम आहे त्याने काय करावे? एक मार्ग जुना: पॉलिश पेपरने क्रोम खरवडायचे आणि त्यावर पक्का काळा रंग मारायचा. दुसरा मार्ग नवा आहे. डब्यातून फवारायचा एक रबरासारखा द्रव मिळतो. त्याचे पाचसहा हात दिले, की वाळल्यावर त्याची लवचीक कातडी तयार होते. धातूला ती रासायनिकरीत्या जखडून बसत नाही. नुसती चिकटून राहते. मन बदलले, गाडी विकायची वेळ आली, की एक कोपरा नखाने उचलायचा आणि केळ्याच्या सालीसारखी ती सोलून काढायची. खाली मूळ क्रोम जसेच्या तसे!

आता या क्रोमची थोडी ओळख करून घेऊ. १७९७ साली व्होक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला सायबेरियातल्या एका तांबड्या खनिजात एक नवे मूलद्रव्य सापडले. त्याच्या क्षारांचे रंग इतके नाना परीचे होते, की ग्रीक भाषेतल्या 'रंग' या अर्थाच्या शब्दावरून त्याला क्रोमियम हे नाव मिळाले. माणकाचा लाल आणि पाचूचा हिरवा, हे दोन्ही रंग त्याच्याच अल्पशा अंशामुळे येतात. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात कणकवलीच्या बाजूलाही त्याचे खनिज आहे; देशातला बहुतेक साठा मात्र ओडिशात, सुकिंदा खोऱ्यात. जगाला रंग देणाऱ्या या धातूला स्वतःचा रंग असा नाहीच. समोर येईल त्याचे प्रतिबिंब दाखवणे एवढेच त्याचे काम. लोखंडावर त्याचा थर कारखानदारी पद्धतीने चढवण्याची रीत १९२४ च्या सुमारास अमेरिकेत बसवली गेली आणि त्या दशकाच्या अखेरीस मोटारी चमकू लागल्या.

गंमत अशी, की आपण जे चकाकताना पाहतो, त्यातले क्रोम फारच थोडे असते. चांगल्या कामात लोखंडावर आधी तांबे, त्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोम असे थर असतात. गंजापासून राखण करण्याचे मुख्य काम निकेलचे. क्रोमचा थर माणसाच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. पॉलिश पेपरचे चार हात फिरले, की तो संपला. पुन्हा चढवायचा तर सगळी उस्तवारी पहिल्यापासून.

हे मला सांगितले आमच्या एका नातलगांनी. घरात सगळेच त्यांना अण्णा म्हणतात. भोसरीच्या बाजूला प्लेटिंगच्या एका छोट्या कारखान्यात त्यांची उमेद गेली. १९६६ साली टेल्कोचा कारखाना पिंपरीला उभा राहिला, त्याच्या आगेमागे त्या पट्ट्यात मोटारींचे इतरही कारखाने आले आणि त्यांच्या आधाराने शेकडो लहान शेड उभ्या राहिल्या. त्यांतल्याच एका शेडमध्ये अण्णा बफवर पट्ट्या घासत, त्या हुकांना टांगत आणि एकामागून एक टाक्यांत बुडवत. शेवटची टाकी क्रोमची, नारिंगी-तांबड्या रंगाची. त्या टाकीत माल काही मिनिटेच असतो. पण वीज सुरू झाली, की द्रवातून बारीक तुषार उठतात आणि ते श्वासावाटे माणसाच्या आत जातात. अण्णांच्या नाकातल्या मधल्या पडद्याला भोक पडलेले आहे. या कामातल्या जुन्या माणसांचा हा ठरलेला आजार आहे. त्यांना आता वासही धड येत नाही. दिवाळीत घरात बेसन भाजले, तर ते कढईपाशी येऊन रंग पाहतात आणि म्हणतात, "झालं असेल आता, काढा."

प्लेटिंगच्या टाकीत असतो त्या रूपातले क्रोमियम कर्करोगाला कारण होते हे आता निर्विवाद ठरले आहे. युरोपीय संघाने २०१७ च्या सप्टेंबरपासून त्याच्या मुख्य संयुगाच्या वापराला खास परवानगीची अट घातली. तुषार ओढून घेणारे पंखे, मास्क आणि कमी घातक द्रव, हे सगळे आता उपलब्ध आहे. अण्णांच्या उमेदीच्या वर्षांत त्यांच्या शेडमध्ये यातले काही नव्हते.

अण्णांच्या धाकट्या मुलाने एक जुना पिकअप घेतला. यवत-सासवडच्या बाजूने फुले आणि भाजी भरून मार्केट यार्डात आणायची, हा त्याचा व्यवसाय. पहाटे रिकामी गाडी घेऊन सोलापूर रस्त्याने पूर्वेकडे निघायचे, म्हणजे उगवता सूर्य नेमका समोर. बोनेटच्या कडेची क्रोमची पट्टी त्या उन्हात अशी तळपे, की समोरून येणारी दुचाकी दिसेना. त्याने ठरवले, सगळे क्रोम काळे करायचे. गॅरेजवाला म्हणाला, "घासून रंग मारू, कायमचा ताप गेला."

हे ऐकून अण्णा प्रथमच मुलावर रागावले. "पोरा, ते घासायचं नाही," ते म्हणाले. "झाकायचं तर खुशाल झाक. पण घासू नकोस."

मुलगा म्हणाला, "अण्णा, माझ्या डोळ्यांवर येतंय ते. तुम्हाला पट्टीचं पडलंय का माझं?"

"तुझंच पडलंय," अण्णा म्हणाले. "पण ती पट्टी कुणीतरी हाताने केलीय, हेही मला दिसतं."

अण्णांना आपल्या कामाचा खोटा अभिमान नाही. त्या कामाने आपले काय घेतले हे त्यांना पक्के ठाऊक आहे. पण ज्यासाठी कुणाचा तरी श्वास गेला, ते निदान वाया तरी जाऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे. मुलाचेही खोटे नव्हते. डोळ्यांवर येणारी तिरीप हा रस्त्यावर जिवाशी खेळ आहे. बाप आणि मुलगा दोघेही बरोबर असले, म्हणजे घरात जी शांतता पसरते, ती त्या घरात आठ दिवस होती. मग मुलाला सोलता येणाऱ्या लेपाची माहिती मिळाली आणि दोघांनाही मान खाली न घालता होकार देता आला.

या लेपाची कल्पना मुळात शोभेची नाही. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकन आरमाराने शेकडो युद्धनौका नांगरून ठेवल्या. त्यांच्या उघड्यावरच्या तोफा खाऱ्या वाऱ्याने खराब होऊ नयेत, म्हणून त्यांच्यावर प्लॅस्टिकची जाळी फवारून कोषासारखे आवरण केले गेले. गरज पडली, की आवरण फाडायचे आणि तोफ तयार. म्हणजे पहिला हेतू झाकण्याचा नव्हता, जपण्याचा होता.

ज्यांना हे घरी करायचे असेल त्यांच्यासाठी कृती सांगतो. पावसाळा संपल्यावरचे कोरडे दिवस याला उत्तम. भर उन्हात तापलेल्या धातूवर किंवा दमट हवेत लेप नीट बसत नाही. पट्टी आधी साबणाने धुवावी, मग स्पिरिटने पुसून तेलकटपणा काढावा. भोवतालच्या भागावर मास्किंग टेप आणि कागद लावावा. डबा चांगला हलवून वीतभर अंतरावरून फवारावे. पहिला हात अगदी विरळ द्यावा. खालचे क्रोम निम्मे दिसत राहिले पाहिजे. त्यावर पुढचे हात थोडे भरदार, दर वेळी पंधरावीस मिनिटे थांबून. शेवटचा हात ओला असतानाच टेप काढावा, नाहीतर कड फाटते. चारपाच तास हात लावू नये आणि दोन दिवस पाणी.

बहुतेकांचे काम बिघडते ते कंजूषपणामुळे. दोनतीन हात देऊन थांबले, तर दिसायला काळे होते, पण थर पातळ राहतो आणि पुढे सोलताना त्याचे तुकडे तुकडे होतात. अण्णांच्या मुलाच्या पहिल्या पट्टीचे असेच झाले. त्यावर उपाय सोपा आहे: तुकडे खरवडत बसू नये, त्यावरच आणखी दोनतीन हात द्यावे आणि वाळल्यावर सगळे एकत्र सोलावे.

दुसऱ्या खेपेला अण्णा स्वतः येऊन बसले. मुलगा म्हणाला, "पट्टी स्वच्छ आहे." अण्णांनी तांब्याभर पाणी मागितले आणि पट्टीवर ओतले. पाणी एका ठिकाणी फुटून थेंब थेंब झाले. "इथं अजून तेल आहे," ते म्हणाले. "स्वच्छ धातूवर पाणी सलग पसरतं, फुटत नाही. आम्ही टाकीत घालण्याआधी प्रत्येक माल असाच बघायचो." तीनदा धुतल्यावर पाणी एकसंध चादरीसारखे उतरले. मग फवारा सुरू झाला. महिन्याभराने हौस म्हणून एका बाजूची पट्टी त्यांनी सोलून पाहिली. साल एका ओढीत निघाली आणि खालून चकाकी जशीच्या तशी बाहेर आली. अण्णांनी पट्टीवर बोट फिरवले. "निकेल चांगलं आहे याचं," एवढेच म्हणाले आणि मुलाला ती पुन्हा काळी करायला सांगितली.

काही सावधगिरीच्या गोष्टी. या फवाऱ्यातला द्रव झटकन पेट घेणारा असतो. दिवाळीच्या दिवसांत पणत्या, फुलबाज्या आणि देवघरातली समई यांपासून तो दूर ठेवावा. मोकळ्या हवेत, नाकावर चांगला मास्क लावूनच काम करावे. अण्णांच्या नाकाची गोष्ट आठवावी. पेट्रोल सांडले तर लेप विरघळतो. गाडी धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने त्याच्या कडा उचलल्या जातात. दिवे, नंबरपाटी आणि चमकणाऱ्या सुरक्षापट्ट्या कधीही झाकू नयेत. सबंध गाडीचाच रंग बदलायचा, तर नोंदणीच्या कागदांत त्याची नोंद व्हावी लागते, आणि लष्करी हिरवा रंग खासगी वाहनाला चालत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खाली गंज असेल किंवा क्रोमचे पापुद्रे सुटले असतील, तर हा लेप ते बरे करत नाही. गंज आतल्या आत वाढतो, आणि सोलताना पापुद्रेही सालीबरोबर निघून येतात.

आपल्याकडे थर चढवण्याची आणि उतरवण्याची रीत काही नवी नाही. पितळेच्या पातेल्यांना कल्हई लावत, ती झिजणार हे धरूनच. अंगणात कल्हईवाला भाता मांडून बसे, नवसागराचा धूर उठे आणि भांडे पुन्हा पांढरेशुभ्र होई. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट शिजवू नये, हे प्रत्येक आजीला ठाऊक होते. कल्हईला कोणी फसवणूक म्हटले नाही, कारण ती कशासाठी आहे हे सगळ्यांना माहीत होते. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या चढलेला शेंदराचा थर २०२२ साली उतरवला गेला, तेव्हा खालचे जुने रूप भाविकांसमोर आले. शेंदराने ते लपवले म्हणावे, की इतकी वर्षे सांभाळले म्हणावे?

घरे आवरण्याचे आणि भिंतींना रंग देण्याचे हे दिवस आहेत. ओल आलेल्या भिंतीवर नुसता रंग मारला, तर पुढच्या पावसात तो फुगून पडतो, हे घरोघरी माहीत आहे. तेव्हा काही झाकायचे असेल, मग तो ट्रकचा बंपर असो वा घराची भिंत, आधी खाली काय आहे ते धुऊन पुसून बघावे. खाली दुखणे असेल, तर आधी ते दुरुस्त करावे. आणि खाली कुणाची मेहनत असेल, तर झाकण असे घालावे, की ते उद्या कुणालाही काढता येईल.